दुधीचा रस आणि ग्लुकोजचं पाणी

सकाळी साडेसहाला जिला सगळे दार उघडतात आणि जिचं येणं कुणालाच नको असतं, अशी बाई म्हणजे मी. मीरा रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त गोळा करणं हे माझं काम. बावीस वर्षं केलं. मराठी घरांत मला 'सुईवाल्या मावशी' म्हणत आणि गुजराती-मारवाडी घरांत 'सुईवाली आंटी'. माझं खरं नाव बऱ्याच जणांना मी निवृत्त झाल्यावर कळलं, तेही पेढे वाटले म्हणून. आता दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी रक्ताची गोष्ट कोण वाचणार, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही लिहा तर खरं.

कामाचं म्हणाल तर त्यात फार मोठी विद्या नाही, पण हात लागतो. शीर डोळ्यांनी नाही, बोटाने शोधायची. लठ्ठ माणसाची खोल असते, पण एकदा सापडली की जागा सोडत नाही. बारीक माणसाची छान दिसते आणि सुई लावली की बाजूला सरकते. एका टोचणीत काम झालं नाही असं माझ्या बाबतीत फार कमी वेळा झालं, आणि जेव्हा झालं तेव्हा त्या माणसाने ते मला जन्मभर ऐकवलं.

डॉक्टर म्हणतात, रक्त खोटं बोलत नाही. त्यांना काय जातं म्हणायला. आमच्याकडे लोक रक्ताला पढवून आणतात. सिल्व्हर पार्कमधले एक काका साखरेच्या तपासणीआधी तीन दिवस नुसते मूग खायचे, दोन्ही वेळ चालायला जायचे, आणि रिपोर्ट चांगला आला की त्याच संध्याकाळी फाफडा-जलेबी. मी एकदा म्हटलं, "काका, ये तो कॉपी करके पास होना है." ते म्हणाले, "आंटी, पास तो पास है." मुर्धा गावच्या एक आजी होत्या, त्यांचा माझ्यावर वेगळाच संशय. "एवढं रगत नेतस, त्याचं करतस काय? माझ्यात हाय कितीसं?" मी गमतीत म्हटलं, कालवणात घालते. त्यानंतर त्यांनी मला कधी चहा विचारला नाही.

पण खरी गोष्ट वैशालीची सांगायची आहे. तिला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "मावशी, नाव बदला, दुधी मात्र बदलू नका." म्हणून नाव बदललंय.

वैशाली आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायची आणि शाळेची व्हॅन चालवायची. बारा मुलं, त्यांत माझी नात सई. तेव्हा आमच्या भागात व्हॅन चालवणारी बाई म्हणजे लोक वळून बघत. नवरा आखातात नोकरीला, घरात सासूबाई. वय पस्तिशीचं आणि वजन शंभराच्या पुढे. किती पुढे ते ती सांगत नसे. मला तिची शीर माहीत होती, त्यामुळे अंदाज होता. मग एका मे महिन्यात ती माहेरी चिपळूणला म्हणून गेली, महिनाभराने आली आणि त्यानंतर महिन्यामहिन्याला बारीक होत गेली. वर्षभरात तिचे कपडे तिच्यावर टांगल्यासारखे दिसायला लागले.

कॉम्प्लेक्समधल्या बायका तिला सोडतात होय? "काय केलंस, सांग ना." तिच्या तोंडाला येईल ते तिने सांगितलं: सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस. झालं. दुसऱ्या आठवड्यापासून मी सकाळी जिना चढायला लागले की प्रत्येक मजल्यावर मिक्सर घुरघुरतोय. ए विंगपासून डी विंगपर्यंत दुधी. आमच्या भाजीवाल्याने तर दुधी पुढच्या रांगेत मांडायला सुरुवात केली. मीही प्यायले, खोटं कशाला बोलू. दोन महिन्यांत माझं वजन पाव किलोने वाढलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही रसानंतर लगेच पोहे पण खाता." मी म्हटलं, दुधीची चव जायला काहीतरी लागतंच ना.

दुसऱ्या वर्षी वैशालीला चक्कर यायला लागली. आधी कधीतरी, मग आठवड्यातून दोनदा. हात थरथरायचे, घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी. सगळ्यांचं एकच निदान: एवढी बारीक झाली, अशक्तपणा आलाय, साखर घे. वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेनपर्यंत सगळे डॉक्टर. सासूबाई, त्यांना मी काकू म्हणायचे, रोज सकाळी तिला ग्लुकोजचं पाणी एका मोठ्या बाटलीत भरून द्यायच्या. वैशाली ती बाटली व्हॅनमध्ये सीटशेजारी ठेवायची आणि अकराच्या सुमारास, दुपारच्या फेरीआधी, निम्मीअधिक संपवायची.

घरोघरच्या फेऱ्या संपल्या की मी लॅबमध्ये असायचे, आणि लॅबशेजारच्या गाळ्यात एका डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी तिचं रक्त तपासायला सांगितलं. उपाशीपोटीची साखर ठीक. जेवणानंतर दोन तासांची ठीक. हिमोग्लोबिन थोडं कमी. मी तीन वेळा रक्त घेतलं आणि तिन्ही वेळा रिपोर्ट असा की फ्रेम करून लावावा. मला मागाहून कळलं की बाईसाहेब तपासणीच्या दोन दिवस आधीपासून ग्लुकोज बंद करायच्या, अंडं आणि मुगाचं धिरडं खायच्या. वाईट रिपोर्ट आला तर व्हॅन जाईल ही भीती. आणि नेमके तेच दोन दिवस चक्कर येत नाही, यात काही गुपित असेल असं तिच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटी डॉक्टरांनी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट लिहून दिली. ही टेस्ट अशी, की उपाशीपोटी रक्त घ्यायचं, मग पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून एका दमात प्यायला द्यायचं आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा रक्त. दोन तास माणूस लॅबमध्ये बसून. मी त्यात लिंबू पिळायचे, म्हणजे घशाखाली उतरायचं.

टेस्टच्या आधी मी एक फॉर्म भरायचे. कधी जेवलात, औषधं कुठली, पूर्वी ऑपरेशन झालंय का. हे प्रश्न पेशंटला एकट्याला विचारायचे, नातेवाइकांना बाहेर पाठवायचं, हा माझाच नियम. नव्या मुलींना मीच शिकवायचे. पण त्या दिवशी काकू शेजारी बसल्या होत्या, माझ्यासाठी डब्यात खोबऱ्याची वडी घेऊन आल्या होत्या, आणि वडी देणाऱ्या बाईला बाहेर बसा कसं म्हणायचं? मी त्यांच्यासमोरच विचारलं, "ऑपरेशन काही?"

वैशालीने वर पंख्याकडे बघितलं. "नाही."

काकू म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी सुरीला अंग देत नाही हो. आमच्या यांना ऑपरेशनला नेलं ते परत घरी आणलंच नाही. तेव्हापासून नावच काढायचं नाही."

मी 'नाही' वर टिक केली आणि ग्लास तिच्या हातात दिला.

वीस मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला. छातीत धडधड, पोटात मुरडा. म्हणाली, "मावशी, मला जरा आडवं होऊ द्या." आणि मी काय म्हणाले असेन? "बारा पोरं घेऊन हायवेवर गाडी काढतेस, आणि लिंबूपाण्याला घाबरतेस?" ती कशीनुशी हसली. दोनदा संडासला जाऊन आली. मला वाटलं, नाटकं. सुईच्या धंद्यात नाटकं फार बघितलेली असतात. तासाभराने तिला बरं वाटलं तेव्हा मी वर तोंड करून म्हणाले, "बघ, झालं की नाही ठीक?" माझ्या नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या, पण ते वाक्य मला अजून खुपतं.

दीड तासाचं रक्त घ्यायला मी तिला हाक मारली. ती उठली नाही. माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हते. म्हणाली, "मुलं उतरली का सगळी? सईला सोडलं ना मी?"

मी बोटातून थेंब काढून साखर मोजायच्या मशीनवर टाकला. एक्केचाळीस. सत्तरच्या खाली गेली की काळजी. वैशाली डोळे मिटायला लागली होती, त्यामुळे तोंडात काही घालायची सोय नव्हती. मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. शीर मीच शोधली. दहाएक मिनिटांत वैशाली माणसांत आली.

डॉक्टरांनी पोट तपासायला कुर्ता थोडा वर केला आणि थांबले. पोटावर पाच बारीक व्रण, बोटाच्या पेराएवढे, नीट जुळून आलेले. दुर्बिणीच्या ऑपरेशनचे. काकूंना मी तोवर बाहेर बसवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "हे कधी केलंत?" तिने डोळे मिटून सगळं सांगितलं. चिपळूण नव्हतंच. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये वजन कमी करायचं ऑपरेशन, नवऱ्याला सुट्टी काढून बोलावून घेतलं होतं. तिथल्यांनी दर काही महिन्यांनी दाखवायला या, गोड जपून खा म्हणून बजावलं होतं. ही दोनदा गेली. मग सासूला काय सांगून निघायचं ते सुचेना, म्हणून जायची बंद झाली.

डॉक्टरांनी मग आम्हा दोघींना समजावलं. त्या ऑपरेशनमध्ये पोटाची अगदी लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. गोड पाणी प्यायलं की ते पोटात थांबत नाही, सरळ आतड्यात जातं, म्हणून आधी तो घाम आणि धडधड. रक्तात साखर एकदम चढते आणि शरीर गडबडून नको तेवढं इन्सुलिन सोडतं. आमच्याकडे टँकर आला म्हणून ओरड झाली की सगळ्या घरांतून बादल्या निघतात आणि शेवटी टाकीत आधी होतं तेवढंही उरत नाही, तसं काहीसं. तासा-दोन तासांत साखर तळाला. म्हणजे चक्कर आली म्हणून ही ग्लुकोज पीत होती, आणि ग्लुकोज पीत होती म्हणून पुढची चक्कर येत होती. असा माणूस असेल तर ही टेस्टच करत नाहीत. डॉक्टरांनी फॉर्म उचलून 'नाही' वरची टिक बघितली आणि परत ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात वैशालीचं लक्ष घड्याळाकडे गेलं. पावणेबारा. सव्वाबाराला शाळा सुटते. ती उठून बसली आणि पर्स चाचपायला लागली.

"चावी मी मघाशीच पर्समधून काढून घेतलीय," मी म्हटलं.

"मावशी, आता बरी आहे मी. आजचा एक दिवस जाऊ दे. लोकांना कळलं तर एक मूल ठेवणार नाहीत माझ्याकडे. व्हॅन गेली तर मी करू काय? परत घरात बसू? मावशी, मी त्या व्हॅनसाठी पोट कापून घेतलंय. स्टिअरिंग पोटाला लागायचं माझ्या."

मला तिची दया आली आणि तितकाच रागही आला. मी म्हटलं, "तुझ्या व्हॅनमध्ये माझी सई असते गं."

ती खाली बसली. मी सुनेला फोन केला, तिने बाकीच्या आयांना. मुलं त्या दिवशी रिक्षांनी आली. मग वैशालीने स्वतःच काकूंना आत बोलवायला सांगितलं. मी सांगणार नव्हते. लॅबच्या माणसाला ते चालत नाही. तिने त्यांचा हात धरून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हातारी आकाशपाताळ एक करणार. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती बाटली मी भरायचे गो. चार चमचे घालायचे. तू दमतेस म्हणून गेल्या महिन्यापासून पाचवा घालायला लागले." आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवायला लागले, कारण मलाही राहवेना.

घरी जाऊन मी सईला विचारलं, "वैशालीताईला कधी व्हॅनमध्ये बरं नव्हतं का गं?" ती म्हणाली, "दोनदा. डोळे मिटून बसली होती. मग आम्हाला चॉकलेट दिलं आणि कुणाला सांगू नका म्हणाली." त्या रात्री मला झोप लागली नाही. वैशालीचा जेवढा राग आला त्याच्या दुप्पट माझा आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैशाली खाली कंपाउंडमध्ये सगळ्या आयांसमोर उभी राहिली आणि ऑपरेशन, चक्कर, चॉकलेट, काहीही न लपवता बोलली. बायका ऐकत होत्या. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बेननी विचारलं, "मतलब वो लौकी?" वैशाली म्हणाली, "झूठ था, बेन." आता बघा, मुलांचा जीव धोक्यात होता हे ऐकून घाबरल्या होत्या त्या बायका, दुधीचं ऐकून खवळल्या. दीड वर्ष तो हिरवा रस नाक दाबून प्यायल्या होत्या. बाराच्या बारा मुलं रिक्षांना लागली.

पुढचे तीन महिने व्हॅन उभी. वैशाली मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये परत जायला लागली, आता काकू बरोबर. तिथल्या आहारवाल्या बाईंनी सगळं नव्याने आखून दिलं: थोडंथोडं सहा वेळा खायचं, आधी अंडं, डाळ, पनीर, मग पोळी. जेवताना पाणी नाही. गोड पाणी, सरबत, पेढा बंद. साखर खरंच उतरली तर काय आणि किती घ्यायचं ते लिहून दिलं. मी तिच्याकडे न सांगता जायचे, कधी अकराला, कधी चारला, आणि बोट टोचायचे. पहिल्या काही दिवसांत एकदा साठच्या खाली गेली, मग नाही. काकू दारातच मला आकडा विचारायच्या, अजून मी घेतलेला नसायचा.

शेवटी तिथल्या डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं पत्र दिलं. वैशालीने त्याच्या झेरॉक्स काढून घरोघरी दिल्या. कुणी मूल पाठवलं नाही. मी घरी विषय काढला तर सून म्हणाली, "आई, पत्र राहू दे. आकडेही राहू देत. तुम्ही सांगा, सईला पाठवू?"

बावीस वर्षं मी लोकांचे आकडे वाहिले, पण असं मला कुणी विचारलं नव्हतं. आकडे ठीक होते. पण बाई बदलली का, हे सांगायला मशीन नाही. मी म्हटलं, "पाठव. मी पण जाते बरोबर."

मी लॅबमध्ये शाळेच्या दोन्ही फेऱ्यांपुरती सवड मागून घेतली आणि मशीन मांडीवर घेऊन व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसायला लागले. पहिले दोन दिवस मागे एकटी सई. आठवड्याने चार मुलं झाली. मला बघून ती इतकी गप्प बसायची की शाळेतल्या बाईंनी येऊन बघावं. वैशाली म्हणायची, "मावशी, तुम्हाला कायमच ठेवते."

अकराव्या दिवशी दुपारी परत येताना, आमचं गेट समोर दिसत असताना, तिने इंडिकेटर दिला आणि व्हॅन कडेला घेतली. ब्रेक लावला, चावी काढून माझ्या हातात दिली. "मावशी, हात थरथरतोय. बघा जरा."

मागून बेन स्कूटीवर येत होत्या, त्या थांबल्या. "क्या हुआ?" मी तोंड उघडायच्या आत वैशाली म्हणाली, "बेन, शायद मेरा शुगर गिर रहा है. ऑपरेशन के बाद होता है. चेक करूंगी, ठीक होगा तो ही चलाऊंगी. बच्चों को देर होगी, आप गेट पे बोल दो." मागे मुलं ऐकत होती. चॉकलेट कुणाला मिळालं नाही.

मी बोट टोचलं. अठ्ठ्याऐंशी. काही झालं नव्हतं तिला, आदल्या रात्री पुन्हा चक्कर येईल या धास्तीने झोपली नव्हती. मी म्हटलं, "ठीक आहे, चल." तिने मान हलवली. पिशवीतले उकडलेले चणे खाल्ले आणि म्हणाली, "पंधरा मिनिटांनी परत बघा." मुलं भुकेने कुरकुरायला लागली, मलाही कंटाळा आला, पण ती हलली नाही. दुसऱ्यांदा ब्याण्णव आली तेव्हा तिने चावी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सईला खाली घेऊन गेले. बेननी आपल्या मुलीला आणून उभं केलं होतं. वैशालीने माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. मी सईला त्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि कामाला निघून गेले.